अलंकार किती आणि गाडी किती?

दिवाळी अंकात परीक्षण म्हटले म्हणजे वाचकांची अपेक्षा एखाद्या कादंबरीची, काव्यसंग्रहाची, फार तर रंगभूमीवर नव्याने आलेल्या नाटकाची असते. मी आज ज्या वाङ्मयाचे परीक्षण करणार आहे ते फुकट मिळते, गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेले असते, आणि ते वाचून माणसे एका सहीनिशी इतके पैसे खर्च करतात की तेवढ्यात गावाचे ग्रंथालय उभे राहावे. मोटारीचे माहितीपत्रक आणि त्याच्या शेवटच्या पानावरचा तो बारीक अक्षरांतला चौकटींचा तक्ता, हे ते वाङ्मय होय. त्यातही मला बोलायचे आहे ते चिखलात, ओढ्यात आणि वाट नसलेल्या डोंगरात जाणाऱ्या गाड्यांच्या माहितीपत्रकांविषयी. कारण भाषेने वस्तूशी किती फारकत घ्यावी याचा नमुना तिथे पाहायला मिळतो.

या वाङ्मयाकडे मी वळले ती माझ्या धाकट्या भावामुळे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडे, जिथे कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या अंगाने पाऊस चार महिने उसंत घेत नाही, तिथे तो वाड्यावाड्यांवर जाऊन गुरांचे औषधपाणी करतो. अडलेली गाय सकाळची वाट पाहत नाही. मोटारसायकलवर त्याची वीस वर्षे गेली. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून कर्ज काढून गाडी घ्यायची ठरली. त्याने माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "ताई, गाडी कोणती ते मी बघून घेईन. पण एकाच गाडीची ही तीन-तीन, सहा-सहा मॉडेलं! यातलं माझ्या कामाचं किती आणि दागिने किती, तेवढं तू वाचून सांग. शब्दांचा नाद तुला आहे." मी दहावीच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिकच्या, पुढे कॉलेजची पायरी चढले नाही, चित्रकलेची पदविका घेतली, शाळेत चित्रकला शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. गाडी मला चालवता येत नाही. पण नाटकाचे परीक्षण करायला नाचता यावे लागते असे अजून कोणी म्हटलेले नाही.

प्रथम नावे घेऊ. मारुती सुझुकीची जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये आपल्याकडे विक्रीस आली ती दोन मॉडेलांत: खालचे झीटा, वरचे अल्फा. ही ग्रीक मुळाक्षरे. याच घराण्यातल्या इतर गाड्यांत सर्वांत खाली सिग्मा, मग डेल्टा, मग झीटा आणि शिखरावर अल्फा अशी उतरंड असते. ग्रीक मुलाला शाळेत अल्फा पहिले शिकवतात, डेल्टा चौथे, झीटा सहावे आणि सिग्मा अठरावे. म्हणजे आपला 'अ' सर्वांत महाग आणि पुढची अक्षरे स्वस्त! वर्णमालेचा असा भाव ठरलेला मी प्रथमच पाहिला. महिंद्रांच्या नव्या थारने २०२० साली दोन घराणी काढली, एएक्स आणि एलएक्स. पहिल्यातला 'ए' साहसाचा आणि दुसऱ्यातला 'एल' राहणीमानाचा, असा खुलासाही केला. हे मला प्रामाणिक वाटले. साहस वेगळे आणि राहणीमान वेगळे, हे निदान नावात तरी कबूल केले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात याच नावांना एकेक शेपूट जोडून एएक्सटी आणि एलएक्सटी केले. त्या 'टी'ने अर्थात काय भर पडली ते मला उमगले नाही.

अमेरिकन जीप रँग्लरची नावे मात्र खऱ्या लेखकाने ठेवल्यासारखी आहेत. सहारा आणि रुबिकॉन! सहारा हे वाळवंटाचे नाव १९८८ पासून चालत आले आहे. पण अलीकडच्या रँग्लरमध्ये सहारा हेच मॉडेल शहरात शोभेल असे. चाकांवरच्या कमानीसुद्धा गाडीच्याच रंगात रंगवलेल्या. बाभळीच्या काट्यातून एकदा नेली की त्या रंगाचे काय होईल ते सांगायला नको. उलट रुबिकॉन हे नाव कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातील एका खडकाळ वाटेचे आहे, आणि २००३ साली ते नाव गाडीला दिले तेव्हा त्या वाटेला लागणारी यंत्रसामग्रीही तिच्यात घातली. एका नावाला अर्थ आहे, दुसऱ्याला नुसता नाद. कवितेतही आपण हा भेद करतोच.

मुळात या जातीच्या गाडीला मॉडेले नव्हतीच. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी ती जवळजवळ एकाच नमुन्याची लाखांनी काढली. सैनिकाला कोणी विचारले नाही की साहेब, आपल्याला वरचे मॉडेल दाखवू का! काचेऐवजी कापड, गादीऐवजी पातळ बैठक, दार नाहीच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत याच विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तलाठ्यापासून सिनेमातल्या दरोडेखोरापर्यंत सर्वांना ती पुरली. पायऱ्यांची कल्पना आली ती रस्त्यावरच्या मोटारींतून. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी प्रत्येक खिशाजोगती एक गाडी असावी असे धोरण आखले, आणि एकाच काळ्या गाडीवर समाधान मानणाऱ्या फोर्डला मागे टाकले. धोरण हुशारीचे होते. पण ती शिडी जीपला लावली की एक गफलत होते. शहरी मोटारीच्या शिडीवर प्रत्येक पायरीला सुख वाढते आणि सुख हेच त्या मोटारीचे प्रयोजन आहे. जीपचे प्रयोजन वेगळे आहे. तिथे सुख वाढले म्हणून गाडी पुढे जाईलच असे नाही.

मग गाडी पुढे कशाने जाते? हे मी भावाकडून आणि त्याच्या ओळखीच्या एका मेस्त्रींकडून शिकले. ते इथे सांगते, कारण याच्याशिवाय तक्ता वाचताच येत नाही. तीन गोष्टी. पहिली, इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचणे. दुसरी, 'लो रेंज', म्हणजे एक जादा दांडा, जो ओढला की गाडी मुंगीच्या पावलाने पण बैलाच्या ताकदीने चालते. उभ्या चढावर आणि त्याहून अधिक उतारावर हिचा उपयोग. तिसरी जरा समजावून सांगावी लागेल. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर चालते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी एक गिअरची पेटी मध्ये असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिचा दुर्गुण असा की एक चाक चिखलात गुळगुळीत फिरू लागले की सारा जोर त्या निकामी चाकाकडेच वाया जातो आणि कोरड्या जमिनीवरचे चांगले चाक नुसते उभे राहते. (मोठ्या कुटुंबात हा प्रकार आपण पाहिलेला असतो.) यावर दोन उपाय. एक, दोन्ही चाके एकमेकांना जखडून टाकणारे 'लॉक'. दुसरा, घसरणाऱ्या चाकाला गाडीने आपोआप ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवणे. पहिला अधिक भरवशाचा, दुसरा स्वस्त आणि बऱ्याच कामांना पुरेसा.

एवढे ध्यानात ठेवून जिम्नीचा तक्ता वाचावा. चारही चाकांचा जोर: झीटाला आहे, अल्फाला आहे. लो रेंज: दोघींना. घसरत्या चाकाचा ब्रेक: दोघींना. उतारावर गाडी आपोआप सावकाश उतरवणारी सोय: दोघींना. सहा एअरबॅग: दोघींना. इंजिन तेच, दीड लिटर पेट्रोलचे; जमिनीपासूनची उंची तीच, २१० मिलिमीटर; टायरचे मापसुद्धा तेच. इथपर्यंत तक्त्यात दोन्ही रकान्यांत खुणा आहेत, आणि माझ्या दृष्टीने गाडी इथे संपली. पुढचे सगळे अल्फाच्या रकान्यात: मिश्रधातूची चाके, सात इंचांऐवजी नऊ इंचांचा पडदा, बटनाने सुरू होणारे इंजिन, आपोआप गारवा राखणारे यंत्र, सुकाणूला चामडे, ठरल्या वेगाने आपण होऊन चालणारी गाडी, आणि समोर एलईडीचे दिवे व ते धुणारा फवारा. २०२३ साली हातगिअरच्या झीटाची दुकानातली किंमत १२ लाख ७४ हजार आणि अल्फाची १३ लाख ६९ हजार होती. किमती नंतर हलल्या, तरी अलंकारांचा भाव समजायला हे आकडे पुरेत: ९५ हजार रुपये. त्यात ओढ्यापलीकडे गाडी एक इंचही जास्त जाणार नाही.

थारच्या बाबतीत तर याहून मौजेची गोष्ट आहे. २०२० च्या यादीत साहसाच्या एएक्सला १६ इंची पोलादी चाके होती आणि राहणीमानाच्या एलएक्सला १८ इंची मिश्रधातूची. मोठे चाक म्हणजे मोठा माल, अशी आपली समजूत. पण टायरवर छापलेले आकडे घेऊन शाळेतल्या मुलासारखे गणित करावे. एएक्सचा टायर २४५/७५ आर १६, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची त्याच्या ७५ टक्के: सुमारे १८४. एलएक्सचा २५५/६५ आर १८: सुमारे १६६. म्हणजे स्वस्त गाडीत खडक आणि धातू यांच्यामध्ये १८ मिलिमीटर रबर जास्त आहे! मेस्त्री म्हणाले की दगडगोट्यांत आणि वाळूत हवा थोडी कमी करून चालवायचे असते, तेव्हा उंच भिंतीचा टायर जमिनीवर पसरतो आणि पकड घेतो. शिवाय पोलादी चाक वाकले तर गावातला माणूस घणाने सरळ करून देतो. मिश्रधातूचे तडकले तर शहरात जावे लागते. हे सारे असताना माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कोणते चाक असते? अर्थात मोठे, चकचकीत.

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात नुसत्या अलंकाराचा प्रश्न नाही. २०२३ च्या जानेवारीत थारची एक स्वस्त जात निघाली, ९ लाख ९९ हजारांपासून. चेहरा तोच, नाव तेच, रुबाब तोच. मात्र जोर फक्त मागच्या चाकांना. लो रेंजचा दांडाही नाही. शहरात राहून थारची हौस भागवणाऱ्याला ती पुरेल आणि त्याची चेष्टा मी करणार नाही. हौसेला मोल नसते. पण आमच्या भावासारखा माणूस नुसते नाव वाचून सही करील, तर पहिल्याच आषाढात वाडीच्या अलीकडे उभा राहील. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्येही हाच पेच आहे: सहा पायऱ्यांपैकी चारही चाकांचा जोर फक्त एमएक्स५, एएक्स५एल आणि एएक्स७एल या तिघींना, तोही डिझेलमध्येच. 'सर्वांत खालचे घ्या' असा सरसकट सल्ला देणारे जे शहाणे असतात त्यांनी हा तक्ता पाहावा. खालून सुरुवात करावी हे खरे. पण ज्या पायरीवर गाडीचा प्राण सुरू होतो तिथवर चढलेच पाहिजे. तिथे पोचल्यावर थांबावे. रॉक्समध्ये ती पायरी एमएक्स५ची. त्याच्या वर काचेचे मोठे छत, थंड हवा सोडणारी आसने आणि नामांकित ध्वनियंत्रणा आहे. चार पायांच्या रोग्याला यातले काहीच लागत नाही.

रुबिकॉनचे उदाहरण याच्या अगदी उलट. पुण्याजवळ रांजणगावला २०२१ पासून रँग्लरची जुळणी होते. २०२४ च्या एप्रिलमधल्या किमतींत अनलिमिटेड ६७ लाख ६५ हजार आणि रुबिकॉन ७१ लाख ६५ हजार. हे आकडे आपल्या वाचकांपैकी कितीजणांच्या उपयोगाचे आहेत ते मला ठाऊक आहे. मी ते केवळ परीक्षणासाठी देते. त्या चार लाखांत पुढच्या-मागच्या दोन्ही जोड्यांना लॉक मिळते, लो रेंजचे प्रमाण २.७२ऐवजी ४ होते, आणि चाक? १८ इंचांऐवजी १७ इंचांचे, लहान! महाग मॉडेलला लहान चाक देण्याचे धैर्य ज्या कारखान्याने दाखवले त्याला गाडीचे प्रयोजन कळले आहे असे मी म्हणेन. आणि ज्याला मॉडेलांची भानगडच नको, त्याच्यासाठी पुण्याच्या आकुर्डीत ज्यांचे ठाणे आहे त्या फोर्स मोटर्सची गुरखा आहे. २०२१ मध्ये नव्या रूपात आली ती एकाच मॉडेलात, पुढे-मागे दोन्ही लॉकांसह आणि पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणाऱ्या नळीसह. तिचे माहितीपत्रक वाचताना मला जुन्या वळणाच्या लेखकाची आठवण झाली. सांगायचे ते सांगतो आणि बसतो. पण ती अंगाने थोराड आहे, आणि भावाच्या वाड्यांच्या वाटा बैलगाडीच्या मापाच्या आहेत.

आता चित्रांविषयी, कारण ती माझी विद्या. माहितीपत्रकातला चिखल पाहावा. तो दाराच्या खालच्या तिसऱ्या भागावरच असतो आणि त्याचा फराटा मागून पुढे नव्हे तर पुढून मागे, वेगाची जाणीव व्हावी असा उडालेला असतो. काच स्वच्छ, दिवे स्वच्छ, चाकाच्या पाकळ्या स्वच्छ. खऱ्या चिखलातून आलेली गाडी मी भावाच्या अंगणात पाहिली आहे. तिचा रंग ओळखू येत नाही. आणि चित्रातली गाडी नेहमी वरचे मॉडेल. खालच्या मॉडेलचे छायाचित्र असलेच तर शेवटच्या पानावर, टपालाच्या तिकिटाएवढे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. जणू लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभे केलेले गरीब नातेवाईक. शिवाय तळाशी मुंगीच्या अक्षरांत एक वाक्य असते की चित्रातील सर्व वस्तू गाडीबरोबर मिळतीलच असे नाही. कादंबरीच्या शेवटी मी असे वाक्य छापले तर वाचक मला घरी येऊन जाब विचारतील.

माझ्या या टीकेवर घरातच आक्षेप आला, तो नोंदवते. भावजय म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण गाडीत ते एकटेच बसणार नाहीत. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, पोरीला वसतिगृहावरून आणायचं. माणसाला जरा बरं वाटलं तर बिघडलं काय?" पुतणीला तर छतातली काच हवी होती, "आत्या, तारे दिसतील," असे तिचे म्हणणे. याला खोटे म्हणण्याची माझी छाती नाही. अलंकार म्हणजे निषिद्ध नव्हेत. मी फक्त एवढेच विचारते की कोणता अलंकार मागाहून घालता येतो आणि कोणता जन्मासोबतच यावा लागतो. आसनांची आवरणे, मोठा पडदा, चांगली चाके, गाणी, हे सारे दोन वर्षांनी कर्ज हलके झाल्यावर तालुक्याच्या गावी बसवून मिळते. लो रेंज, चारही चाकांचा जोर, एअरबॅग हे मागाहून बसत नाहीत. बसवण्याच्या नादी कोणी लागूही नये. तक्त्यावर मी पेन्सिलीने हीच खूण केली: मागाहून येणाऱ्याला फुली, न येणाऱ्याला वर्तुळ. अल्फाच्या रकान्यात फुल्याच फुल्या झाल्या. वर्तुळ फक्त एकाच ठिकाणी करावे लागले.

ते दिव्यांवर. घाटात, पावसात, धुक्यात, रात्री दोन वाजता समोरचे दिसणे हा अलंकार नव्हे. बाजारातले झगझगीत दिवे बसवून घेणारे पुष्कळ आहेत, पण त्यांनी समोरच्याचे डोळे दिपतात आणि कायद्यालाही ते रुचत नाहीत. तेव्हा चांगले दिवे गाडीबरोबरच यायला हवेत. इथे या वाङ्मयाचा खरा दोष माझ्या ध्यानात आला. दिवे सुटे मिळत नाहीत. दिवे हवे असतील तर त्यांच्याबरोबर नऊ इंची पडदा, बटन, चामडे आणि चकचकीत चाके हेही घ्यावेच लागतात. रेशनच्या साखरेबरोबर दुकानदार नको असलेली काडेपेटी गळ्यात मारायचा, तशी ही ९५ हजारांची काडेपेटी. कामाची एक वस्तू आणि बिनकामाच्या पाच वस्तू एकत्र बांधणे, हेच वरच्या मॉडेलचे सारे रचनातंत्र. वाईट कादंबरीत एका चांगल्या प्रसंगासाठी आपण शंभर पाने वाचतो ते असेच.

यावर विक्रेत्याशी बोलावे म्हणून आम्ही एका दुकानात गेलो. कोणत्या गाडीचे ते सांगत नाही. खालचे मॉडेल दाखवा म्हटले तर तिथला तरुण नम्रपणे हसून म्हणाला, "मॅडम, ते इथे ठेवत नाही. ते कुणी घेत नाही." न ठेवलेले कोण घेणार, हे मी त्याला विचारले नाही, मुलगा आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांच्याच वयाचा होता आणि त्याला वरून हुकूम असणार. भावाने त्याला एवढेच सांगितले की दोन्ही मॉडेले मागवून घ्या, आणि चालवायला आम्ही दिवसा येणार नाही. अंधार पडल्यावर, पावसाची सर असेल तर उत्तम. तरुणाने वहीत वेळ लिहून घेतली: संध्याकाळी साडेसात.